मॉरिस, व्हिक्टोरिया आणि मधला रस्ता : नागपूरच्या विद्यापीठाची पायी पाहणी

नागपुरात येऊन कोणी ‘विद्यापीठ कुठे आहे?’ असे विचारले, तर नागपूरकर उलट प्रश्न करतो, ‘कोणते काम आहे?’ कामावर पत्ता ठरतो. कार्यालयीन काम असेल तर आजवर त्याने महाराजबागेच्या शेजारची, रवींद्रनाथ टागोर मार्गावरची जुनी वास्तू सांगितली असती. पदव्युत्तर विभाग हवा असेल तर अमरावती मार्गावरचा महात्मा जोतिबा फुले शैक्षणिक परिसर. कायदा किंवा भूशास्त्र असेल तर लॉ कॉलेज चौक. पुणे-मुंबईच्या वाचकाला विद्यापीठ म्हटले की एक मनोरा किंवा एक दगडी कमान डोळ्यांसमोर येते. नागपूरच्या विद्यापीठाला तसा एक चेहरा कधी मिळाला नाही. ते शहरभर विखुरलेले आहे आणि या विखुरण्यातच त्याचा इतिहास लिहिलेला आहे.

या इतिहासाचा क्रम थोडा उफराटा आहे. विद्यापीठ ४ ऑगस्ट १९२३ रोजी स्थापन झाले, पण त्याच्या ज्या कला आणि विज्ञान इमारती आजही उभ्या आहेत, त्यांच्या मूळ संस्था त्याहून जुन्या आहेत. हिस्लॉप महाविद्यालय १८८३ चे, मॉरिस १८८५ चे, व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स १९०६ चे. मुले आधी, आई नंतर, असा हा प्रकार. या संस्था प्रथम कलकत्ता विद्यापीठाला जोडलेल्या होत्या. १९०४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर मध्य प्रांताची महाविद्यालये अलाहाबादच्या कक्षेत गेली. म्हणजे सीताबर्डीला राहून शिकणाऱ्या वऱ्हाडी मुलाच्या पदवीवर शिक्का उमटे तो आधी हुगळीकाठचा आणि मग गंगाकाठचा. १९२० मध्ये भारतीय विज्ञान परिषदेचे अधिवेशन प्रफुल्लचंद्र राय यांच्या अध्यक्षतेखाली नागपुरात भरले, तेव्हाही या शहराला स्वतःचे विद्यापीठ नव्हते.

पाद्री आणि खडक

या पाहणीची सुरुवात टेंपल रोडवरच्या हिस्लॉप महाविद्यालयापासून करणे सोयीचे आहे. ज्यांच्या नावाने ते उभे आहे ते स्टीफन हिस्लॉप हे १८१७ मध्ये जन्मलेले स्कॉटिश मिशनरी. १८४५ मध्ये ते नागपुरात आले. तेव्हा नागपूर भोसल्यांची राजधानी होती, तिसरे रघुजी गादीवर होते आणि इंग्रजी अंमल अजून नऊ वर्षे लांब होता. १८४६ मध्ये हिस्लॉप यांनी शाळा काढली. त्यांच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी सुरू झालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव मिळाले.

पण हिस्लॉप यांचे खरे वेगळेपण शाळेच्या चार भिंतींबाहेर होते. नागपूरचे भूगर्भ मोठे विलक्षण आहे. शहराच्या पश्चिमेला दख्खनचा काळा पाषाण येऊन संपतो, पूर्वेला त्याहून कितीतरी प्राचीन स्फटिकी खडक सुरू होतात, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आहे. एका दिवसाच्या फिरण्यात पृथ्वीच्या इतिहासाची इतकी पाने उलटता येतील अशी शहरे थोडी. हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी ती पाने पायी फिरून वाचली. टाकळीजवळ लाव्हाच्या दोन थरांच्या मध्ये दबलेल्या गाळात त्यांना फळांचे, बियांचे, गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म सापडले. नागपूरच्या दक्षिणेला मांगली येथे मिळालेल्या एका प्राचीन उभयचर प्राण्याच्या कवटीचे वर्णन १८५५ मध्ये लंडनला रिचर्ड ओवेन यांनी केले. डायनोसॉर हा शब्द ज्यांनी घडवला तेच हे ओवेन. त्याच वर्षी हिस्लॉप आणि हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या भूशास्त्रीय संस्थेच्या त्रैमासिकात छापून आला. हिरवट छटेच्या एका कॅल्साइटला पुढे ‘हिस्लोपाइट’ असे नाव पडले.

हाच माणूस दुसऱ्या वहीत गोंडी शब्द टिपत होता. एका परधानाकडून त्याने लिंगोची कथा ऐकून उतरवून घेतली. परधान म्हणजे गोंडांचे वंशपरंपरागत गायक आणि स्मृतिरक्षक. ती कथा त्यांच्या कंठात होती, कागदावर नव्हती. म्हणजे एकाच पिशवीत हातोडा आणि एकाच टेबलावर शब्दसंग्रह. आपण कोणत्या ‘शाखेचे’ काम करीत आहोत, हा प्रश्न हिस्लॉप यांना पडण्याचे कारणच नव्हते. हे श्रेय एकट्याचे मानू नये. ज्या परधानाने ती कथा सांगितली, ज्या गावकऱ्यांनी दगडांच्या जागा दाखवल्या, त्यांची नावे कोणत्याही इमारतीवर नाहीत.

४ सप्टेंबर १८६३ रोजी हिस्लॉप हे मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाटची शिलावर्तुळे पाहायला गेले. मोठमोठे दगड गोल मांडून केलेली ही प्राचीन दफने. संध्याकाळी एकटे घोड्यावरून बोरीच्या मुक्कामाकडे परतताना पुराच्या ओढ्यात ते बुडाले. घोडा स्वाराविना मुक्कामी पोचला, तेव्हा शोध सुरू झाला. त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापली. लिंगोची कथा त्यातच आली. आज हिस्लॉपचे महाविद्यालय टेंपल यांच्या नावाच्या रस्त्यावर आहे, हा योगायोग तिथे रोज ये-जा करणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

दोन इमारती

पुढचा टप्पा मॉरिस. सर जॉन मॉरिस हे १८६७ ते १८८३ अशी दीर्घकाळ मध्य प्रांताचे चीफ कमिशनर होते. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या स्मरणार्थ वर्गणी जमली आणि तिच्यातून महाविद्यालय निघाले. पुढे ते नागपूर महाविद्यालय झाले आणि आता त्याचे नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था असे आहे. पण बसचा कंडक्टर आणि ऑटोवाला दोघेही ‘मॉरिस कॉलेज’च म्हणतात, आणि समोरचा चौक ‘मॉरिस कॉलेज टी-पॉइंट’ म्हणूनच ओळखला जातो. सरकारी पाटी एक आणि लोकांच्या जिभेवरचे नाव दुसरे, हे नागपूरला नवे नाही.

इथून निघून टागोर मार्गावर आले की शासकीय विज्ञान संस्था लागते. हीच मूळची व्हिक्टोरिया कॉलेज ऑफ सायन्स. दोन्ही संस्थांमध्ये पायी जाण्याजोगे अंतर. पण नागपूरच्या शिक्षणव्यवस्थेतली सर्वांत मोठी सीमारेषा या अंतरातच आखली गेली. १९०६ नंतर विज्ञानाला स्वतःचे घर मिळाले आणि तेव्हापासून इकडे कला व तिकडे विज्ञान ही विभागणी दगडाविटांत पक्की झाली. प्रयोगशाळेला गॅस, पाणी, वायुवीजन आणि जड उपकरणे लागतात, संस्कृतच्या वर्गाला बाक आणि फळा पुरतो. तेव्हा वेगळी इमारत ही व्यावहारिक गरजच होती. पण इमारतींची सोय हळूहळू मनाची सवय होते. दोन पिढ्यांत घराघरांतून ‘हुशार आहे, सायन्सला जाईल’ आणि ‘मार्क कमी पडले, आर्ट्सला टाकू’ ही भाषा रूढ झाली. रस्त्याच्या एका बाजूला मान आणि दुसऱ्या बाजूला दिलासा, अशी वाटणी झाली.

ती किती निराधार होती हे मॉरिसच्या पटावरूनच दिसते. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला हे १९२६ चे मॉरिसचे पदवीधर. कवी ग्रेस यांनी इथे दीर्घकाळ मराठी शिकवले. आणि १९१९ पासून इथे संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेव विष्णु मिराशी यांनी कोरीव लेखांच्या अभ्यासातून विदर्भाचा प्राचीन इतिहास उभा केला. कलचुरी, वाकाटक आणि शिलाहार या तीन राजवंशांच्या लेखांचे त्यांचे खंड १९५५, १९६३ आणि १९७७ मध्ये भारतीय कोरीव लेखांच्या अधिकृत ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. वाकाटक म्हणजे अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा काळ. ताम्रपटाचे वाचन हे काही नुसते पाठांतराचे काम नव्हे. अक्षराचे वळण मोजायचे, त्याची दुसऱ्या लेखांशी तुलना करायची, दान दिलेल्या गावाची जागा नकाशावर आणि प्रत्यक्ष शिवारात शोधायची, अनुमान चुकले तर सोडून द्यायचे. ही शिस्त रस्त्यापलीकडच्या प्रयोगशाळेतल्या शिस्तीहून फार वेगळी आहे का?

पैसा कुणाचा?

१९२३ मध्ये नागपूर विद्यापीठ सुरू झाले ते सहा संलग्न महाविद्यालये आणि ९२७ विद्यार्थी घेऊन. पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस. बंगालमधून येऊन नागपुरात वकिली केलेले आणि मॉरिसच्या कारभाराशी जवळून जोडलेले गृहस्थ. १९२५ मध्ये विद्यापीठाने कायद्याचे महाविद्यालय काढले. त्याच सुमारास विद्यापीठाचा पसारा जबलपूरपासून अमरावतीपर्यंत होता. पुढे १९४६ मध्ये सागर, १९८३ मध्ये अमरावती आणि २०११ मध्ये गडचिरोलीचे गोंडवाना अशी विद्यापीठे निघाली आणि दर वेळी नागपूरचा नकाशा आक्रसत गेला. सागरचे विद्यापीठ स्थापन करणारे हरिसिंग गौर हे स्वतः नागपूरचे कुलगुरू राहिलेले होते.

अमरावती मार्गावर लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेची इमारत आहे. तिच्यामागे कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांचे मृत्युपत्र आहे. उपयोजित विज्ञान आणि रसायनशास्त्राच्या शिक्षणासाठी त्यांनी विद्यापीठाला दिलेली रक्कम सुमारे ३५ लाख रुपये होती. १९३० च्या दशकातले ३५ लाख! संस्था १९४२ मध्ये उभी राहिली. लक्ष्मीनारायण यांची संपत्ती मँगनीजच्या खाणींतून आली होती. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातल्या मँगनीजवर लुईस ली फर्मोर यांनी १९०९ मध्ये मोठा प्रबंध लिहिला आणि तिथल्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ असे नाव दिले. म्हणजे हिस्लॉप यांच्या हातोड्याने ज्या भूमीची पाने उघडली, तिच्यातूनच निघालेल्या खनिजाच्या पैशावर पुढे रसायनशास्त्राची प्रयोगशाळा उभी राहिली. त्या खनिजासाठी खाणीत उतरणारे मजूर बहुतेक आसपासच्या खेड्यांतले आणि पाड्यांवरचे होते, हेही या हिशोबात धरले पाहिजे. देणगी खाणमालकाची असली तरी त्या रकमेत त्यांचाही घाम मिसळलेला होता.

वर्गणीतून मॉरिस, मृत्युपत्रातून लक्ष्मीनारायण, १९३२ मध्ये स्त्रियांसाठी निघालेले लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय: नागपूरच्या उच्च शिक्षणाला सरकारइतकाच समाजाचा हात लागला आहे. म्हणून या इमारतींचे काय होते, हा नुसता खात्याच्या फायलीचा विषय राहत नाही.

भाषेचा प्रयोग

इमारतींवरून दिसत नाही अशी एक गोष्ट इथे नोंदवली पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास नागपूर विद्यापीठाने इंग्रजीऐवजी मराठी आणि हिंदी या भाषांना शिक्षणाचे माध्यम करण्याचा निर्णय घेतला. देशातल्या विद्यापीठांत असे धाडस करणाऱ्यांत नागपूर अगदी पुढे होते. त्या वेळी डॉ. रघुवीर नागपुरात राहून पारिभाषिक शब्दांचा कोश रचत होते. त्यांचे संस्कृत धातूंवरून घडवलेले शब्द अनेकांना बोजड वाटले, त्यांची थट्टाही झाली. तरीही रेणू, अणू, ऊर्जा यांविषयी सीताबर्डीच्या वर्गात मराठीत बोलता येते की नाही, हा प्रश्न त्या पिढीने गांभीर्याने हाती घेतला होता. पुढे महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाचे कार्यालय नागपुरातच झाले आणि १९७० च्या दशकात मराठीतून पदवीस्तराची पुस्तके निघाली.

हा प्रयोग कलाशाखेत रुजला, विज्ञानशाखेत नाही. कारणे सरळ होती. पदव्युत्तर ग्रंथ आणि संशोधनपत्रिका इंग्रजीत, नोकरीच्या परीक्षा इंग्रजीत, आणि दुसऱ्या विद्यापीठात जायचे तर इंग्रजीशिवाय गत्यंतर नाही. परिणाम मात्र दूरगामी झाला. मधल्या रस्त्याची रुंदी आणखी वाढली. आता अलीकडचे आणि पलीकडचे विद्यार्थी वेगळ्या इमारतीत तर होतेच, पण वेगळ्या भाषेतही होते. इतिहासाचा विद्यार्थी भूशास्त्राचा प्रबंध वाचू शकत नव्हता आणि रसायनाच्या विद्यार्थ्याला आपल्याच तालुक्याच्या ताम्रपटाबद्दल मराठीत काय लिहिले गेले आहे, याचा पत्ता नव्हता.

टाकळघाटला परत

आणि तरीही या विद्यापीठाने एकदा तो रस्ता ओलांडला होता.

१९६६ ते १९७२ या काळात महानुभाव वाङ्मयाचे व्यासंगी विष्णु भिकाजी कोलते कुलगुरू होते. सांकेतिक लिपीत बंद असलेल्या पोथ्या उलगडण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. ‘लीळाचरित्रा’चे त्यांचे संपादन १९७८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षांत शांताराम भालचंद्र देव यांच्या नेतृत्वाखाली विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभागाने विदर्भात उत्खननांची मालिकाच लावली. १९६७ मध्ये पवनार, १९६८-६९ मध्ये टाकळघाट आणि खापा, १९६९-७० मध्ये वैनगंगेकाठचे पवनी, त्यानंतर माहुरझरी. पवनीत मोठे स्तूप उजेडात आले आणि विदर्भातल्या बौद्ध परंपरेला जमिनीखालचा पुरावा मिळाला. नागपुरात १९५६ च्या धम्मदीक्षेला तेव्हा जेमतेम तेरा-चौदा वर्षे झाली होती. त्या शहराच्या विद्यापीठाने वैनगंगेच्या काठी स्तूप शोधावेत, याला अनेकांच्या लेखी निव्वळ शास्त्रीय अर्थापलीकडचा अर्थ होता.

टाकळघाट म्हणजे तेच गाव, जिथून परतताना १८६३ मध्ये हिस्लॉप बुडाले. शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्या शहराचे विद्यापीठ कुदळ-फावडे घेऊन तिथे पोचले. १८६३ च्या पाहुण्यांना ती वर्तुळे सिथियन लोकांची वाटली होती, म्हणजे बाहेरून आलेल्या कोणा घोडेस्वारांची. देव यांच्या उत्खननाने त्यांना इथल्याच वस्तीशी जोडले. दफनाशेजारी वसाहत सापडली, लोखंडी हत्यारे सापडली. कोळशाचे नमुने मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत गेले आणि किरणोत्सारी कार्बनने काळ सांगितला: इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकाचा मध्य. माहुरझरीच्या वर्तुळांत तांब्याच्या अलंकारांनी सजवलेले घोडेही निघाले.

पुरातत्त्व विभाग विद्यापीठाच्या कागदावर कलेच्या बाजूला गणला जातो. पण या कामात धातूचा कस पाहणारा, हाडे ओळखणारा, खडक जाणणारा आणि भौतिकशास्त्राच्या उपकरणावर काळ मोजणारा असे सगळेच लागले. ज्या प्रश्नाचे उत्तर मातीत होते, त्याने शाखांची विभागणी मानली नाही. या विद्यापीठाच्या शंभर वर्षांतले अव्वल दर्जाचे काम कोणते, असे विचारले तर मी मिराशींच्या खंडांबरोबर या चार-पाच वर्षांच्या उत्खननांचे नाव घेईन.

आज

२००५ पासून विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याने शंभरी गाठली. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमरावती मार्गावरच्या परिसरात भारतीय विज्ञान परिषदेचे १०८ वे अधिवेशन भरले. त्याच वर्षी लक्ष्मीनारायण संस्था स्वतंत्र विद्यापीठ म्हणून वेगळी झाली. ज्या देणगीने विद्यापीठाला विज्ञानाचा मोठा आधार दिला, तिची इमारत शताब्दीच्याच वर्षी विद्यापीठाच्या नकाशातून बाहेर गेली. स्वायत्ततेने संस्थेचे भले होईलही, व्हावे. पण विखुरलेल्या विद्यापीठाचे आणखी एक बेट मुख्य भूमीपासून तुटले, हेही खरे.

नव्या शैक्षणिक धोरणात ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द वारंवार येतो. विद्यार्थ्याने मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या शाखेचे काही घ्यावे, अशी तरतूद आहे. वेळापत्रकातल्या चौकटी भरून ती कागदावर पूर्ण होईल. पण नागपूरला त्यासाठी परदेशी नमुना शोधण्याची गरज नाही. काटोल रस्त्यावर, शहरापासून थोड्या अंतरावर जुनापाणी आहे. तिथे शिलावर्तुळे आहेत आणि त्यांतल्या काही दगडांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. हे खळगे आकाशातल्या ताऱ्यांच्या दिशांशी जुळतात का, याचा अभ्यास या शतकात मुंबईच्या टाटा संस्थेच्या खगोलशास्त्रज्ञांनी केला. मुंबईचे भौतिकज्ञ नागपूरच्या दगडावर काम करू शकतात, तर लॉ कॉलेज चौकातला भूशास्त्राचा विद्यार्थी, अमरावती मार्गावरचा पुरातत्त्वाचा विद्यार्थी, मॉरिसचा मराठीचा आणि विज्ञान संस्थेतला रसायनाचा, असे चौघे मिळून एका सत्रात एक वर्तुळ का मोजू शकत नाहीत? दगड कोणत्या जातीचा, तो कुठून आणला, आसपासच्या गावांत त्याविषयी काय सांगितले जाते, हत्यारांवरचा गंज काय सांगतो, आणि हे सगळे मराठीत कसे लिहायचे: प्रश्न तयार आहेत. खर्च एका एसटी फेरीचा.

घाई मात्र आहे. शहर चारही दिशांना पसरते आहे. लेआउट पडतात, मुरूम खणला जातो, आणि गोल मांडलेले दगड कुंपणाला किंवा पायाला फार सोयीचे असतात. १८६३ मध्ये हिस्लॉप यांनी पाहिलेल्या वर्तुळांपैकी किती उरली आहेत, हे मोजण्याचे काम कला आणि विज्ञान या दोन्ही इमारतींनी एकत्र करावे. नाहीतर विद्यापीठाच्या दुसऱ्या शताब्दीला या विषयावर निबंध लिहिणाऱ्याला फक्त १९७० चा अहवाल हाती लागेल, वर्तुळ नाही.